आशियाच्या मैदानावर आपले क्लब



ज्या गुरुजींच्या स्मृतीसाठी आपण दर वर्षी जमतो, त्यांनी आयुष्यभर शाळेतल्या पोरांना मैदानावर खेळवलं. या व्याख्यानमालेतलं यंदाचं एक व्याख्यान खेळावर व्हावं असं मंडळाने ठरवलं आणि विषय माझ्यावर सोडला. मी फुटबॉल निवडला. हॉकीच्या गावात फुटबॉल कशाला, असं दोघा-तिघांनी मला आत येतानाच विचारलं. प्रश्न रास्त आहे. ग्वाल्हेर हे कॅप्टन रूपसिंगांचं गाव. ध्यानचंदांचे हे धाकटे भाऊ शिंदे सरकारच्या फौजेत होते, इथेच राहिले, इथेच १९७७ साली गेले. त्यांच्या नावाच्या स्टेडियमवर २४ फेब्रुवारी २०१० रोजी सचिन तेंडुलकरने द्विशतक केलं, तेव्हा ग्वाल्हेरचं नाव जगभर गेलं. पण रूपसिंगांनी १९३२ साली लॉस एंजेलिसच्या ऑलिंपिकमध्ये काय केलं होतं, हे आजच्या मुलांना सांगावं लागतं. भारताने अमेरिकेला २४-१ असं हरवलं आणि त्यातले दहा गोल एकट्या रूपसिंगांचे होते.

मला आज त्या सामन्यातल्या हरलेल्या बाजूबद्दल बोलायचं आहे. अमेरिका हा देश हरलेल्या खेळातही पुन्हा पुन्हा उतरत राहतो. हॉकीत त्यांनी फारसं मनावर घेतलं नाही. फुटबॉलमध्ये मात्र घेतलं, आणि त्यांच्या क्लबांनी आपल्या खंडाची स्पर्धा जिंकायला किती वर्षं घालवली, ती का घालवावी लागली, हे पाहिलं की मुंबई आणि गोव्याच्या क्लबांचं आशियात काय झालं आणि पुढे काय व्हायला हवं, ते नीट कळतं. मला सांगायचं आहे ते एवढंच : खंडाची स्पर्धा टिकलेले क्लब जिंकतात, आणि आपल्याकडे क्लब टिकू दिले जात नाहीत.

थोडं मांडणीचं बोलतो, कारण सभागृहात क्रिकेटवालेच जास्त दिसतात. जगातला फुटबॉल सहा खंडीय महासंघांत वाटलेला आहे. प्रत्येक महासंघात देशोदेशीच्या विजेत्या क्लबांची स्पर्धा होते. युरोपची चॅम्पियन्स लीग आपली पोरं रात्री जागून पाहतात. आपण आशियाच्या महासंघात येतो. उत्तर अमेरिका, मध्य अमेरिका आणि कॅरिबियन बेटं यांचा महासंघ म्हणजे कॉन्ककॅफ. राष्ट्रीय संघाच्या सामन्यात देश खेळतो. या स्पर्धांमध्ये शहर खेळतं, त्या शहराची लीग कितपत खरी आहे ते तिथे उघडं पडतं. ग्वाल्हेर घराण्याच्या गावात हे समजावायला नको. घरच्या मैफलीतली दाद वेगळी आणि परगावी, परक्या श्रोत्यांपुढे, दुसऱ्या घराण्याचा गवय्या पहिल्या रांगेत बसलेला असताना मिळालेली दाद वेगळी.

अमेरिकेची मेजर लीग सॉकर १९९६ साली सुरू झाली. वॉशिंग्टनच्या डीसी युनायटेडने १९९८ साली आणि लॉस एंजेलिस गॅलक्सीने २००० सालच्या स्पर्धेत खंडाचं विजेतेपद मिळवलं. पण तेव्हा ती स्पर्धा आटोपशीर होती, निर्णायक सामनेही त्यांच्याच अंगणात झाले. पुढे एक सामना आपल्याकडे आणि एक त्यांच्याकडे असा क्रम लागला, २००८ पासून स्पर्धा मोठीही झाली, आणि मेक्सिकोच्या क्लबांसमोर अमेरिकेचं काही चालेना. २००६ पासून २०२१ पर्यंत दर वेळी मेक्सिकोचाच क्लब विजेता. रिअल सॉल्ट लेक २०११च्या अंतिम फेरीत माँटेरेला जाऊन २-२ अशी बरोबरी करून आला आणि घरी ०-१ असा हरला. २०१५ मध्ये माँट्रिअल, २०१८ मध्ये टोरंटो, ही शहरं कॅनडातली पण लीग तीच. २०२० मध्ये लॉस एंजेलिस एफसी. अंतिम फेरीत चार वेळा पोचून चारही वेळा हात रिकामे.

कारणं कोणती होती? लीगमध्ये खेळाडूंच्या पगारांवर मर्यादा. मेक्सिकोच्या क्लबांवर तशी नव्हती, त्यामुळे त्यांचा पंधरावा-सोळावा खेळाडूही अमेरिकेच्या पहिल्या अकरात बसेल असा. दुसरं कारण वेळापत्रक. मेक्सिकोचा हंगाम फेब्रुवारीत ऐन रंगात असतो. अमेरिकेचे क्लब तेव्हा थंडीच्या सुट्टीतून नुकतेच सरावाला परतलेले असतात. पाय हलके व्हायच्या आत त्यांना होंडुरास, कोस्टारिका, मेक्सिको सिटीची उंची, असले प्रवास करून बाद फेरीचे सामने खेळावे लागत. ही कारणं लक्षात ठेवा. पुढे ती आपल्या घरात सापडणार आहेत.

ही साखळी तोडली सिॲटलच्या साउंडर्सने, २०२२ साली. मेक्सिको सिटीत पुमास क्लबविरुद्ध ०-२ मागे पडून निकोलास लोदेइरोच्या दोन पेनल्टींवर २-२ केले, आणि ४ मे रोजी सिॲटलमध्ये ६८,७४१ प्रेक्षकांपुढे ३-० असा सामना जिंकला. त्या सामन्यातला एक प्रसंग सांगतो. अर्धा तास झाला नव्हता तोच त्यांचा ब्राझिली मध्यरक्षक जुआँव पाउलो गुडघा धरून बसला. संघाचा कणा मोडला म्हणावं असा माणूस. बदली म्हणून उतरला ओबेद वार्गास, अलास्कातून आलेला, क्लबच्या अकादमीत वाढलेला, वय वर्षं सोळा. तो गडबडला नाही, कारण आजूबाजूला सगळे ओळखीचे होते. गोलरक्षक श्टेफान फ्राय २०१४ पासून क्लबमध्ये. क्रिस्तियन रोल्दान २०१५ पासून. जॉर्डन मॉरिस तिथल्याच आसपासच्या गावचा. प्रशिक्षक ब्रायन श्मेट्झर सिॲटलमध्येच जन्मलेला, तरुणपणी याच नावाच्या जुन्या संघाकडून खेळलेला, २००९ पासून सहायक आणि २०१६ पासून मुख्य प्रशिक्षक. पैसा मेक्सिकोकडे जास्त होता. सिॲटलकडे एकत्र घालवलेली वर्षं जास्त होती, आणि त्या रात्री ती कामाला आली.

अर्थात यानंतर अमेरिकेचं राज्य आलं असंही नाही. पुढच्या तिन्ही वर्षी अंतिम फेरीत मेक्सिकोनेच बाजी मारली : २०२३ ला लिओन, २०२४ ला पाचुका, २०२५ ला क्रूझ अझुल. जुलै २०२३ मध्ये लिओनेल मेस्सी इंटर मायामीत आला. त्याचा गुलाबी सदरा आपल्या ग्वाल्हेरच्या बाड्याच्या आसपासही पोरांच्या अंगावर दिसतो. तरी २०२४ मध्ये माँटेरेने त्यांना उपांत्यपूर्व फेरीत काढलं आणि २०२५ मध्ये व्हँकूव्हरने उपांत्य फेरीत दोन सामने मिळून ५-१ असं हरवलं. जगातला सर्वांत थोर खेळाडू आणला म्हणून खंड जिंकता येत नाही. हेही लक्षात असू द्या.

आता आपल्याकडे येतो. सिॲटल जिंकलं त्याच्या तीनच आठवडे आधी, ११ एप्रिल २०२२ रोजी, सौदी अरेबियातल्या रियाधमध्ये मुंबई सिटी एफसीचा सामना इराकच्या एअर फोर्स क्लबशी होता. आशियाई चॅम्पियन्स लीगचा गट साखळीचा सामना. तोवर कुठल्याही भारतीय क्लबने या फेरीत एकही सामना जिंकलेला नव्हता. मुंबईने तीन दिवसांपूर्वी त्याच शहराच्या अल शबाबकडून ०-३ असा मार खाल्ला होता.

एअर फोर्स क्लब हे नाव भारतीय फुटबॉलवाल्यांना सलतं. ५ नोव्हेंबर २०१६ रोजी दोह्यात आशियाच्या दुसऱ्या श्रेणीच्या स्पर्धेची, म्हणजे एएफसी कपची, अंतिम लढत झाली. बेंगळुरू एफसी हा अंतिम फेरी गाठणारा पहिला भारतीय क्लब होता. याच इराकी क्लबने तो सामना १-० असा जिंकला, आणि गोल केला होता हम्मादी अहमदने. पुढे सलग तीन वर्षं त्यांनी तो कप सोडला नाही. साडेपाच वर्षांनी रियाधमध्ये सामना ०-० असताना एकोणसाठाव्या मिनिटाला पुन्हा हम्मादी अहमदनेच मुंबईच्या जाळ्यात चेंडू घातला. ज्यांनी दोहा पाहिलं होतं त्यांनी त्या क्षणी टीव्ही बंद केला असता तरी मी त्यांना दोष दिला नसता.

पण मुंबईचे प्रशिक्षक डेस बकिंगहॅम यांचा संघ मागे सरला नाही. सत्तराव्या मिनिटाला दिएगो मौरिसिओला पेनल्टी क्षेत्रात पाडलं. त्याने स्वतःच पेनल्टी घेऊन बरोबरी केली. पाच मिनिटांनी कॉर्नर मिळाला. अहमद जाहू चेंडूपाशी उभा. अशा वेळी इराकी बचावपटूंचं लक्ष मुर्तदा फॉलवर असणार हे उघड होतं; सहा फुटांहून उंच, हेडरवर गोल करण्यात पटाईत. चेंडू आला आणि त्या गर्दीतून उसळून डोकं लावलं राहुल भेकेने. २-१. राहुल भेके हा मुंबईचा मराठी मुलगा, बचावपटू. त्याआधी २०१९ मध्ये इंडियन सुपर लीगची अंतिम लढत मुंबईतच झाली होती; तेव्हा बेंगळुरूकडून खेळताना जादा वेळात, ११७व्या मिनिटाला, कॉर्नरवरच हेडर मारून त्याने गोव्याच्या हातून ट्रॉफी काढून घेतली होती. कोपऱ्यावरून आलेला चेंडू कुठे उतरेल हे ओळखण्याची नजर त्याच्यापाशी होती. आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गट साखळीत भारतीय क्लबला पहिला विजय मिळवून देणारा गोल एका मराठी बचावपटूच्या डोक्यातून आला, ही गोष्ट महाराष्ट्रातल्या किती शाळांत सांगितली गेली असेल? ती सांगितली जावी, म्हणून मी आज ती सविस्तर सांगतो आहे.

मुंबई तिथेच थांबली नाही. अबुधाबीच्या अल जझीराशी एक सामना ०-१ गमावला, दुसरा गोलशून्य बरोबरीत सोडवला. अल शबाबने पुन्हा सहा गोल चढवले. आणि शेवटच्या दिवशी, २६ एप्रिलला, एअर फोर्स क्लबला १-० असं दुसऱ्यांदा हरवून सात गुणांवर मुंबई गटात दुसरी आली. पुढची फेरी हुकली. पण दोह्याचा हिशेब रियाधमध्ये दोनदा चुकता झाला.

याच्या आधीचं वर्ष गोव्याचं. १९ फेब्रुवारी २०२० रोजी एफसी गोवाने जमशेदपूरला जाऊन ५-० असा विजय मिळवला आणि साखळीत पहिलं स्थान पक्कं केलं. प्रशिक्षक बदलाच्या मधल्या काळात क्लिफर्ड मिरांडा या गोवेकराने संघ सांभाळला होता. त्या जोरावर एफसी गोवा आशियाई चॅम्पियन्स लीगच्या मुख्य गटांत खेळणारा पहिला भारतीय क्लब झाला. सामने झाले एप्रिल २०२१ मध्ये, मडगावच्या फातोर्डा स्टेडियमवर. करोनाची दुसरी लाट देशभर उसळलेली. गोव्याच्या फुटबॉलमधला सगळ्यात मोठा प्रसंग गोव्यातच घडत होता आणि गोवेकरांना आत जायला मनाई होती.

पहिला सामना १४ एप्रिलला कतारच्या अल रय्यानशी. त्यांचे प्रशिक्षक लोराँ ब्लाँ, १९९८ साली फ्रान्सच्या विश्वविजेत्या संघातले. सामना ०-० सुटला. तीन दिवसांनी अबुधाबीच्या अल वहदाशीही ०-०. गोलरक्षक धीरज सिंग, मणिपूरचा, वीस वर्षांचा, चेंडूमागून चेंडू अडवत राहिला. मग आलं इराणचं पर्सेपोलिस, आदल्याच वर्षीचे अंतिम फेरीतले पराभूत. चौदाव्या मिनिटाला ब्रँडन फर्नांडिसच्या फ्री किकवर एडू बेदियाने हेडर मारला आणि क्षणभर गोवा पुढे होता. आशियाच्या मुख्य गटांतला भारतीय क्लबचा तो पहिला गोल. सामना १-२ गेला, परतीचा ०-४. अल रय्यानशी दुसऱ्यांदा १-१, अल वहदाशी ०-२. तीन गुण, गटात तिसरं स्थान.

इथे एक बारकावा सांगण्याजोगा आहे. त्या वर्षी आपल्या लीगमध्ये पाच परदेशी खेळाडू एका वेळी मैदानावर चालत. आशियाच्या स्पर्धेत नियम तीन अधिक एक, आणि तो एक आशियाई महासंघाच्या देशातला हवा. म्हणजे किमान सात भारतीय. घरी ज्यांना बाकावर बसवलं जात होतं त्यांना आशियात खेळवावंच लागलं. आणि तेच उभे राहिले : सेरिटन फर्नांडिस, सेवियर गामा, सॅन्सन परेरा, ग्लेन मार्टिन्स, सगळी गोव्याच्या वाड्या-गावांतली मुलं. आपल्या पोरांना जमत नाही, हे आपण वर्षानुवर्षं ऐकत आलो. त्यांना संधी मिळाली ती आशियाने सक्ती केली म्हणून.

हे दोन एप्रिल आकाशातून पडले नाहीत. गोव्याच्या धेंपो स्पोर्ट्‌स क्लबने २००८ साली एएफसी कपची उपांत्य फेरी गाठली होती. आर्मांदो कुलासो प्रशिक्षक. समीर नाईक, महेश गवळी, क्लायमॅक्स लॉरेन्स, क्लिफर्ड मिरांडा असे घरचे खेळाडू आणि त्यांच्या जोडीला रँटी मार्टिन्स, बेटो. वर्षानुवर्षं तोच प्रशिक्षक, तोच गाभा. २००५ ते २०१२ या काळात पाच वेळा देशाचं विजेतेपद. २००८च्या त्या उपांत्य फेरीत लेबनॉनच्या साफा क्लबने त्यांना अडवलं. त्याच्या आदल्या वर्षी, २००७ मध्ये, मुंबईच्या महिंद्रा युनायटेडने उपांत्यपूर्व फेरी गाठली होती. कोलकात्याच्या ईस्ट बंगालने तर २००३ साली जकार्तात आसियान देशांच्या क्लबांची स्पर्धाच जिंकली होती, अंतिम सामन्यात थायलंडच्या बीईसी तेरोला ३-१ असं हरवून.

आणि मग या क्लबांचं काय झालं? महिंद्रा युनायटेड कंपनीने २०१० साली बंद केला. पुढच्या वर्षी पंजाबचा जेसीटी बंद झाला. देशात फुटबॉलचा नवा आराखडा आला, फ्रँचायझींची लीग वर आणि जुन्यांची लीग खाली. तेव्हा २०१६ साली साळगावकर, स्पोर्टिंग आणि धेंपो या गोव्याच्या तिन्ही क्लबांनी राष्ट्रीय लीगमधून अंग काढून घेतलं. धेंपो तर त्याच वर्षी दुसऱ्या श्रेणीत पहिला येऊन वर चढला होता. वर चढला आणि बाहेर पडला. आठ वर्षांनी, २०२४-२५ मध्ये, तो आय-लीगमध्ये परतला. त्या आठ वर्षांत गोव्यातली एक पिढी वाढली, तिला धेंपो हा आईवडिलांच्या बोलण्यातला क्लब म्हणून माहीत.

मी कंपन्यांना बोल लावत नाही. फुटबॉलचा क्लब चालवणं हा आतबट्ट्याचा व्यवहार आहे आणि महिंद्रांनी तो अनेक दशकं चालवला. पण क्लब एका मालकाच्या ताळेबंदाला टांगलेला असेल तर त्या ताळेबंदातली एक ओळ पुसली की खेळाडू, प्रशिक्षक, मैदान सांभाळणारा माळी आणि सामन्याला येणारा प्रेक्षक सगळेच एका रात्रीत पोरके होतात. कोणी म्हणेल, बेंगळुरू एफसी २०१३ साली जन्मला आणि तीन वर्षांत अंतिम फेरीत गेला, तिथे टिकण्याचा काय संबंध? संबंध आहे. त्या क्लबच्या मालकांनी पहिल्या दिवसापासून सांगितलं की हा लांबचा पल्ला आहे, आणि ते त्यातून हटले नाहीत. बेंगळुरू आजही उभा आहे.

मुंबई सिटीकडे पुन्हा वळू या. २०२३ मध्ये संघ पुन्हा पात्र ठरला आणि सोडतीत सौदीचा अल हिलाल त्याच गटात आला. नेमार पुण्यात खेळणार अशी बातमी फुटली! तिकिटांसाठी काय धावपळ झाली ती आपण वाचली असेल. घरचे सामने पुण्याच्या बालेवाडीत ठरले होते. मुंबईचं नाव लावलेल्या क्लबला आशियाच्या दर्जाचं मैदान मुंबईत मिळालं नव्हतं. १७ ऑक्टोबरला ब्राझीलकडून खेळताना नेमारचा गुडघा गेला. अल हिलालने आधी रियाधमध्ये ६-० असा विजय मिळवला, मग ६ नोव्हेंबरला, पुण्याऐवजी नवी मुंबईला हलवलेल्या सामन्यात, २-०. मुंबईने गटातले सहाच्या सहा सामने गमावले.

दीड वर्षात एवढी घसरण कशाने झाली? मला तरी उत्तर स्पष्ट दिसतं. रियाधमध्ये जिंकलेला मुंबईचा संघ तोवर विखुरला होता. जाहू आणि फॉल ओडिशाला गेले होते, मौरिसिओ गेला होता, आणि स्पर्धा चालू असतानाच बकिंगहॅम इंग्लंडच्या ऑक्सफर्ड युनायटेडला निघून गेले. भेके मात्र राहिला होता. कर्णधार म्हणून त्याने मे २०२४ मध्ये देशातली ट्रॉफी मुंबईला जिंकून दिली, मग तोही बेंगळुरूला परतला. नेमारच्या बातमीने जितके रकाने भरले त्याच्या दशांशही या गळतीबद्दल कुणी लिहिलं नाही.

हीच गोष्ट २०२५ मध्ये गोव्यात घडली, नावं तेवढी बदलली. आशियाने स्पर्धांची फेररचना केली होती, आपल्या क्लबांना तेव्हा दुसऱ्या श्रेणीत जागा होती. १३ ऑगस्टला फातोर्ड्यावर ओमानच्या अल सीबला २-१ असं हरवून एफसी गोवा गटांत दाखल झाला आणि सोडतीत रोनाल्डोचा अल नस्र समोर आला. २२ ऑक्टोबरचा तो सामना. रोनाल्डो आलाच नाही. जे आले त्यांनी पहिल्या अर्ध्या तासात दोन गोल केले. मध्यंतराच्या थोडं आधी ब्रायसन फर्नांडिस या गोव्याच्या पोराने एक फेडला, आणि पुढचा पूर्ण अर्धा सामना गोवा बरोबरीसाठी झुंजला. १-२ असा हरला. माझ्या मते ती झुंज हाच त्या दिवसाचा सर्वांत अभिमानाचा भाग होता, आणि त्याबद्दल फार कमी बोललं गेलं.

कारण तो अर्धा सामना कुठल्या परिस्थितीत खेळला गेला ते पाहा. जुलै २०२५ मध्ये इंडियन सुपर लीग स्थगित झाली. भारतीय महासंघ आणि लीग चालवणारी कंपनी यांच्यातला पंधरा वर्षांचा करार डिसेंबरात संपत होता, नवा झालेला नव्हता. लीग कधी सुरू होणार हे कोणाला माहीत नव्हतं. समोरचे संघ आपापल्या लीगमधून आठवड्यागणिक सामने खेळून यायचे. गोव्याला मात्र देशात लीगच नव्हती. अमेरिकेचे क्लब फेब्रुवारीत जड पायांनी उतरायचे ते निदान हंगामाच्या आधी. आपले क्लब हंगामावाचून उतरले. डिसेंबरात सिटी फुटबॉल ग्रुपनेही, ज्याने नोव्हेंबर २०१९ मध्ये मुंबई सिटीचा ६५ टक्के हिस्सा घेतला होता, तो हिस्सा सोडल्याचं जाहीर केलं.

कोलकात्याच्या मोहन बागानने तर २०२४ मध्ये आशियाई स्पर्धेच्या सामन्यासाठी इराणच्या तबरीझला जायला नकार दिला आणि पुढच्या वर्षी इस्फहानला. दोन्ही वेळा आशियाई महासंघाने त्यांनी माघार घेतली असं धरलं. खेळाडूंच्या सुरक्षेचा प्रश्न होता आणि तो क्षुल्लक नाही. पण सलग दोन वर्षं देशाचा विजेता क्लब परीक्षेला बसलाच नाही, याचं मला दुःख आहे.

मग टिकणं शिकायचं कुठून? परदेशात जायची गरज नाही. कोल्हापूरला जा. पाटाकडील तालीम, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब. पेठापेठांचे संघ, कुस्तीच्या तालमींतून निघालेले. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहारचा सामना असला की गावातल्या चर्चेला दुसरा विषय नसतो. आजोबा ज्या तालमीचे, नातू त्याच तालमीचा. तिथे मालक कंपनी नाही, पेठ आहे. वर्गणी आहे, मंडळ आहे, भांडणंही आहेत. ती वाढली की पोलीस बंदोबस्तही लागतो, ते लपवत नाही. पण संघ मरत नाही. महाराष्ट्राने क्लब पिढ्यान्‌पिढ्या जिवंत ठेवण्याचं काम करून दाखवलेलं आहे. ज्यांनी शाहू स्टेडियम रोज भरवलं त्यांना आशियाच्या वाटेवर मात्र आजवर कोणी घेतलं नाही. कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात दिल्लीत भारताकडून खेळला. त्याच संघाचा गोलरक्षक होता फातोर्ड्यावर चेंडू अडवणारा धीरज सिंग. अनिकेतला तिथवर पोचायला गाव सोडावं लागलं. पेठेच्या संघातून जिल्हा, जिल्ह्यातून राज्य, राज्यातून आय-लीग आणि तिथून आशिया, अशी जिवंत शिडी असती तर त्याच्या मागोमाग किती आले असते! अमेरिकेच्या लीगमध्येही खालून वर चढायची सोय नाही. पण त्यांनी प्रत्येक क्लबला अकादमी काढायला लावली आणि त्यातून ओबेद वार्गास आला.

शेवटी मुलींबद्दल, आणि हे मला ग्वाल्हेरात सांगायचंच होतं. ऑगस्ट २०२२ मध्ये केरळचा गोकुलम क्लब आशियाई महिला क्लब स्पर्धेसाठी ताश्कंदला पोचला होता. १६ तारखेला जागतिक महासंघाने भारतीय महासंघाला निलंबित केलं, आणि त्या मुलींना एकही सामना न खेळता परत यावं लागलं. भांडण कार्यालयांतलं होतं, सामने मुलींचे गेले. तीन वर्षांनी, नोव्हेंबर २०२५ मध्ये, ईस्ट बंगालच्या महिला संघाने चीनच्या वुहानमध्ये इराणच्या बाम खातून क्लबला ३-१ असं हरवलं. आशियाई महिला चॅम्पियन्स लीगच्या मुख्य गटांत भारतीय क्लबचा तो पहिला विजय. मुलांना हे साधायला २०२२ उजाडावं लागलं होतं, आणि मुलांच्या फुटबॉलवर झालेला खर्च मुलींच्या वाट्याला कधी आलेला नाही.

ग्वाल्हेरात २००६ पासून राज्य सरकारची महिला हॉकी अकादमी आहे. तिथून मुली देशाच्या संघापर्यंत गेल्या. वसतिगृह, मैदान, आहार आणि तेच प्रशिक्षक वर्षानुवर्षं. गावाने हे घडताना पाहिलं आहे. लक्ष्मीबाई शारीरिक शिक्षण संस्था १९५७ पासून इथे आहे, देशभरच्या शाळांना तिने क्रीडाशिक्षक पुरवले. म्हणून माझी या व्यासपीठावरून एक विनंती आहे. आपल्या मराठी शाळा आणि मंडळं मिळून मुलींचा एक फुटबॉल संघ काढू या. वर्गणीतून, पेठेच्या रिवाजाने, गुरुजींच्या नावाने. पहिली दहा वर्षं तो हरला तरी बंद करायचा नाही, एवढी एकच अट कागदावर लिहून ठेवू. माझी पहिल्या वर्षाची वर्गणी मी आज मंडळाच्या चिटणीसांकडे देऊन जातो आहे. ज्यांना नावं द्यायची असतील त्यांनी बाहेर पडताना त्यांना भेटावं.